आमच्या मोरीतला गळका नळ

(एस. वाय. बी. ए.)

वार्षिकांकासाठी आमच्या वर्गातून बऱ्याच कविता गेल्या आहेत आणि त्यांतल्या निम्म्या तरी पावसावर आहेत, असे ऐकते. मीही एक लिहिणार होते. रात्री सगळे निजल्यावर वही घेऊन बसले, पहिली ओळ जमली आणि दुसरी सुचण्याआधी मोरीतून आवाज कानावर येऊ लागला. टप्... टप्... टप्. आकाशातला थेंब आणि हा थेंब यांत फरक आहे. तो आपण होऊन पडतो. हा मात्र धरणातून सुटलेला, कालव्याने वाहिलेला, साठवलेला आणि शेवटी आईने टाकीत भरून ठेवलेला असतो. कविता तिथेच राहिली. तिच्याऐवजी हा लेख. ज्यांना नळ दुरुस्त करता येतो त्यांनी खुशाल पान उलटावे. पण असे वाचक आपल्या कला शाखेत फार निघतील, असे मला वाटत नाही.

आमचे घर पुणतांब्याचे. गाव गोदावरीच्या काठी. चांगदेवांच्या समाधीमुळे ते जुन्या लोकांना ठाऊक आहे आणि १ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकरी संपामुळे नव्यांना. नदीकाठचे गाव म्हटले की पाणी मुबलक असणार, असा बाहेरच्या मैत्रिणींचा समज असतो. वस्तुतः आमच्या भागाचे सगळे गणित कालव्यावर आहे. नाशिककडच्या दारणा, गंगापूर या धरणांतून सोडलेले पाणी नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथून डावा व उजवा असे गोदावरीचे दोन कालवे कोपरगाव-राहात्याच्या बाजूस निघतात. आवर्तन सुटले की शेते भिजतात, साठवण तळी भरतात, विहिरींना पाणी उतरते. आवर्तन लांबले की घराघरांत हंडे मोजणे सुरू होते. इगतपुरीच्या डोंगरात पडलेला पाऊस असा शंभरावर किलोमीटर चालून येतो आणि आमच्या मोरीत येऊन टपटपतो.

आमच्याकडे न्हाणीच्या स्लॅबवर ५०० लिटरची काळी टाकी आहे. ठरलेल्या दिवशी पाणी आले की ती भरून घ्यायची आणि पुढच्या पाण्यापर्यंत पुरवायची. घरात आजी, आई, अण्णा, धाकटा भाऊ आणि मी. अण्णा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर चालक आहेत. आई कांद्याच्या लागणीला आणि काढणीला जाते. नववीच्या पुढे आमच्या घरात माझ्याआधी कोणी गेलेले नाही. हे सांगण्याचे कारण पुढे येईल.

नळ किती गळतो हे आधी मोजावे, असे मला वाटले. भूगोलाच्या सरांनी मोजल्याशिवाय बोलू नये असे आम्हांला सांगितले आहे. घड्याळ लावून थेंब मोजले तर मिनिटाला साठाच्या आसपास भरले. मग नळाखाली एक लिटरची बाटली लावली. ती अडीच तासांत भरली. म्हणजे दिवसाला साडेनऊ लिटर, महिन्याला दोनशे पंच्याऐंशी. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी धरले आहे. त्या हिशेबाने एका माणसाचे पाच दिवसांचे पाणी आमची मोरी दर महिन्याला पीत होती. पाणीपट्टी वर्षाची ठोक असते, त्यामुळे हे पाणी कोणत्याच बिलात दिसत नाही. ते दिसते फक्त टाकी लवकर रिकामी झाली म्हणजे, आणि तेव्हा दोष जातो तो अंघोळीला वेळ लावणाऱ्या मुलीवर.

गळणाऱ्या नळावर आपल्याकडे दोन उपाय प्रचलित आहेत. एक म्हणजे नळाच्या तोंडाला चिंधी बांधणे. याने आवाज बंद होतो, गळती नाही. दुसरा उपाय नळ आवळणे. आई आवळी, मग अण्णा आणखी जोराने आवळीत, आणि आजीला पाणी घ्यायचे झाले की तिला तो उघडेना. कांद्याच्या काढणीच्या दिवसांत आईचे मनगट असे दुखे की नळ बंद करायला ती भावाला हाक मारी. काही दिवस असे गेले की नळ आवळूनही गळू लागला. तेव्हा आजी सहज म्हणाली, "वायसर गेला आसंल त्याचा."

आजीला हा शब्द नळामुळे आलेला नाही, हापशामुळे आलेला आहे. तिच्या उमेदीच्या काळात वस्तीवर हापसा होता आणि तो बंद पडला की सगळे म्हणत, वायसर गेला. हापशाच्या नळीत वरखाली होणाऱ्या दट्ट्यावर वाटीच्या आकाराचा वायसर असतो. तो झिजला की दांडा कितीही मारा, पाणी वर येत नाही. याच सुमारास आपल्या महाराष्ट्रात सोलापूर आणि जालना येथे हातपंपांवर बरेच प्रयोग झाले आणि सोलापूरच्या पंपावरून पुढे १९७० च्या दशकात 'इंडिया मार्क टू' हा देशभर गेलेला हातपंप तयार झाला. असो. सांगायचे इतकेच की, अक्षरओळख नसलेल्या आजीने रोग नेमका ओळखला आणि आम्ही तिघे शहाणे नळाचा गळा आवळीत बसलो होतो.

आता नळाच्या पोटात काय असते ते पाहू. साध्या पितळी नळात पाण्याच्या वाटेवर एक गोल भोक असते. त्या भोकाच्या काठाला बैठक म्हणू. वरून एक आटे पाडलेला दांडा येतो आणि त्याच्या टोकाला रबराची चकती असते. तोच वायसर. आपण मूठ फिरवली की आट्यांमुळे दांडा खाली उतरतो, चकती बैठकीवर दाबून बसते आणि पाणी थांबते. उलट फिरवले की चकती उचलली जाते. इंग्लंडातील रॉदरहॅम गावच्या 'गेस्ट अँड क्राइम्स' या पितळकाम करणाऱ्या कारखान्याने १८४५ साली अशा आट्याच्या नळाचे पेटंट घेतले, आणि पावणेदोनशे वर्षे झाली तरी त्याची मूळ युक्ती बदललेली नाही. पाणी अडवते ते पितळ नव्हे, त्याच्या टोकाचे पाच-दहा रुपयांचे रबर अडवते. पितळावर पितळ कितीही दाबले तरी मध्ये केसभर फट राहते. रबर मऊ असल्यामुळे ती फट भरून काढते.

हे समजले की आवळण्यातली चूक आपोआप कळते. रबर नवे असताना बोटाच्या जोराने नळ बंद होतो. पुढे बैठकीचा काठ रबरात रुतून गोल खाच पडते, रबर कडक होते, पाण्याबरोबर आलेला रेतीचा कण त्यात अडकतो. मग थेंब सुरू होतात. आपण जोर लावतो, खाच आणखी खोल जाते, रबर फाटते आणि शेवटी दांड्याचे पितळ बैठकीच्या पितळावर घासू लागते. बैठकीवर ओरखडे पडले की नवा वायसर घालूनही नळ गळतोच. म्हणजे वायसर बदलून भागले असते, तिथे आपण जोर करून अख्खा नळ घालवतो. आमच्या घरात नेमके हेच चालले होते, आणि त्यात सर्वांत जास्त जोर मी लावीत असे.

हे सर्व ज्ञान आज सांगते आहे; त्या वेळी ते नव्हते. आजीने 'वायसर' म्हटल्यावर मला स्फुरण चढले. एवढ्याशा कामाला फिटर येत नाही, आणि आला तर दोनशे-तीनशे रुपये घेतो. दुपारी आई शेतात आणि अण्णा ट्रॅक्टरवर. अण्णांचा एक जास्तीचा मोठा पाना घरी असतो. तो घेतला आणि नळाचे डोके फिरवले. ते घट्ट होते. दोन्ही हातांनी ओढले. ते एकदम सुटले आणि पुढच्या क्षणी माझ्या तोंडावर, भिंतीवर, छतावर पाणीच पाणी झाले.

टाकीपासून येणारे पाणी आधी बंद करावे लागते, हे मला ठाऊक नव्हते. भाऊ टाकीकडे धावला. टाकीच्या बुडाशी असलेला कॉक वर्षानुवर्षे कोणी फिरवलेला नव्हता. तो जागचा हलेना. मी तळहाताने धार दाबून धरली आणि दुसऱ्या हाताने डोके परत बसवू पाहिले. ते आट्यांत धरेचना. आजी बादली, घमेले, पातेले, जे सापडेल ते आणून देत होती. चार-पाच भांडी भरली, बाकी सगळे पाणी मोरीतून गटारात गेले. पाऊण टाकी रिकामी झाली. पाणी येणार होते परवा.

आमच्या गावच्या चांगदेवांची आख्यायिका सर्वांना माहीत आहे. चौदाशे वर्षे जगले, ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले तर मायना सुचेना, कोरेच पत्र पाठवले. तेव्हा मुक्ताबाई म्हणाल्या की, इतकी वर्षे जगूनही हा कोराच राहिला. बालवर्ग सोडून देऊन माझे हे शिक्षणाचे चौदावे वर्ष आहे. ओल्या कपड्यांनी मोरीच्या कट्ट्यावर बसले असताना मला ती गोष्ट आठवली.

संध्याकाळी आई आली. तिने मोरी पाहिली, टाकी वाजवून पाहिली आणि माझ्याकडे पाहिले. ती रागावली असती तर बरे झाले असते. ती काही बोलली नाही. कळशी घेतली आणि शेजारच्या काकूंकडे पाणी मागायला गेली. दिवसभर वाकून कांदे काढून आलेली बाई दोन दिवस दुसऱ्याच्या घरून पाणी वाहत होती. मी बरोबर जाऊ लागले तर म्हणाली, "तू अभ्यास कर." अण्णा एवढेच म्हणाले, "बी. ए. करून फिटर व्हायचंय का?" त्या रात्री अण्णांनी नळाच्या भोकात लाकडाची खुंटी ठोकली. नळ गळायचा थांबला, कारण नळच राहिला नाही.

रविवारी मामा आले. मामा शिर्डीत एका लॉजवर कामाला आहेत. दिवे, गीझर, नळ, फवारे सगळे तेच पाहतात. २००९ पासून पुणतांब्याहून शिर्डीला रेल्वेचा फाटा गेला आहे, पण मामा येतात मोटारसायकलवरून, आणि डिकीत हत्यारांची पिशवी असते. त्यांनी मोरीतली खुंटी पाहिली आणि हसले नाहीत. मला म्हणाले, "तू जे केलंस ते बरोबरच होतं, फक्त उलट्या क्रमानं. चल, आता तूच कर, मी बसतो." पुढचे सगळे काम मी माझ्या हातांनी केले आहे, म्हणून ते सविस्तर लिहिते.

मामांनी नळाकडे पाहिलेही नाही. आधी टाकीकडे बोट केले. पाणी बंद होण्याची जागा सापडल्याशिवाय हत्यार उचलायचे नाही. आमचा कॉक प्लास्टिकचा होता. असा अडकलेला कॉक एका झटक्यात फिरवला तर मूठ हातात येते. किंचित पुढे, किंचित मागे, असे दहा मिनिटे केल्यावर तो सुटला. आता दर महिन्याला मी तो एकदा उघडझाप करते, म्हणजे तो पुन्हा धरत नाही. कॉक बंद केल्यावर नळीत राहिलेले पाणी बादलीत काढून घेतले.

मग मोरीच्या जाळीवर फडके टाकले. हे वाचताना क्षुल्लक वाटेल. पण नळाचा लहान स्क्रू मोरीत गेला की दुपार त्यातच जाते. काढलेला प्रत्येक भाग वर्तमानपत्रावर काढल्याच्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडायचा, म्हणजे बसवताना उजवीकडून डावीकडे यायचे. नळाच्या मुठीवर तांबडी किंवा निळी टिकली असते. ती नखाने उचलली की खाली स्क्रू दिसतो. तो काढला की मूठ निघते आणि षट्कोनी डोके दिसू लागते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. डोके फिरवताना नळाचे अंग दुसऱ्या हाताने किंवा दुसऱ्या पान्याने घट्ट धरून ठेवायचे. तसे केले नाही तर सगळा जोर भिंतीतल्या जोडावर जातो. पूर्वीची लोखंडी नळी तो सोसत असे, हल्लीच्या प्लास्टिकच्या नळीचा जोड भिंतीच्या आत तडकतो आणि मग फरशी फोडण्याशिवाय गत्यंतर नसते. मी त्या दिवशी दोन्ही हातांनी एकच पाना ओढला होता. भिंत वाचली हे नशीब. पान्याचे दात नळाच्या चकाकीला लागू नयेत म्हणून मध्ये फडक्याची घडी धरावी.

दुसरी गोष्ट, डोके काढण्याआधी नळ उघडा असावा. मी तो घट्ट बंद असताना काढला होता. दांडा पूर्ण खाली उतरलेला असला की त्याचे टोक बैठकीवर आधी टेकते आणि डोक्याचे आटे नळाच्या आट्यांपर्यंत पोहोचतच नाहीत. त्या दुपारी डोके परत का धरत नव्हते, याचे उत्तर मला आठ दिवसांनी असे मिळाले. दांडा वर घेतला असता तर अर्ध्या मिनिटात ते बसले असते आणि तीनशे लिटर पाणी वाचले असते.

दांडा बाहेर काढला. टोकाला रबर म्हणून जे उरले होते, ते सुपारीच्या खांडासारखे काळे आणि कडक, मधोमध गोल खाच. जुना वायसर दुकानात घेऊन जावे; 'अर्धा इंची' एवढे सांगून भागत नाही, मधले भोक आणि जाडी जुळली पाहिजे. मी चार घेतले. गरम पाण्याच्या नळासाठी वेगळा, उष्णता सोसणारा मागून घ्यावा, कारण साधे रबर तेथे लवकर खराब होते. दुकान बंद असेल आणि रात्र काढायची असेल, तर जुनाच वायसर उलटा करून बसवावा. त्याची मागची बाजू बहुधा सपाट असते, चार दिवस निभावतात. नवा बसवण्याआधी करंगळी आत घालून बैठकीच्या काठावरून फिरवायची. काठ गुळगुळीत लागला तर ठीक. नखाला खाच लागली तर बैठक घासून घ्यावी लागते. त्याचे हत्यार फिटरकडे असते आणि तेथे आपली विद्या संपते. आमच्या बैठकीवर एक बारीक ओरखडा होता, पण नव्या रबराने तो झाकला.

सगळे उलट क्रमाने बसवले, टाकीचा कॉक हळूहळू उघडला, नळ बंद केला. दोन बोटांनी. मामा म्हणाले, "आता घरातल्या सगळ्यांना सांग, एवढाच." आईने येऊन नळ दोन बोटांनी उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. मग भांडी घासायला बसली.

गळती नेहमी तोंडातूनच होते असे नाही. नळ उघडा असताना मुठीच्या बुडातून पाणी झिरपत असेल, तर दोष वायसरचा नसतो. दांडा जेथून बाहेर येतो तेथे पाणी अडवण्यासाठी धाग्याचे किंवा रबराचे भरण असते आणि त्यावर एक नट. तो पाव फेरा आवळला तरी पुष्कळदा काम होते. नाही झाले तर नट काढून सुती धाग्याला व्हॅसलीन लावायचे आणि तो दांड्याभोवती गुंडाळून वरून नट बसवायचा. येथेही जास्त आवळू नये, नाही तर मूठ फिरत नाही. नळ भिंतीत शिरतो तेथून ओल येत असेल, तर अख्खा नळ काढून त्याच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळावी लागते. जुने फिटर तेथे सुतळी आणि सफेदा वापरीत. टेपचे दहा-बारा वेढे घ्यावेत आणि ते नळ ज्या दिशेने आपण आत फिरवणार त्याच दिशेचे टेपवरही यावेत, अशा बेताने. उलटे घेतले तर नळ बसवताना टेप सुटून बाहेर येते. माझी पहिल्या वेळी आली.

आमच्याकडे फवारा नाही, आम्ही बादलीवाले. परंतु मामांच्या लॉजवर खोलीखोलीत फवारे आहेत आणि दिवाळीच्या सुट्टीत मी चार दिवस त्यांच्यामागे पिशवी घेऊन फिरले. प्रवाशांची एक तक्रार नेहमीची: फवारा बंद केला तरी गळतो. मामा खोलीत जातात, पाच मिनिटे नुसते उभे राहतात आणि परत येतात. फवाऱ्याच्या झारीत आणि तिच्या नळीत पाणी शिल्लक राहते. ते बारीक भोकांशी अडून असते आणि आत हवा शिरेल तसतसे सावकाश उतरते. पाच-दहा मिनिटांत थांबले तर ती गळती नव्हेच. अर्ध्या तासानेही चालू असेल, तर दोष झारीत नसून भिंतीतल्या चावीत असतो आणि तिच्या पोटातही नळासारखाच दांडा नि वायसर असतो. झारी बदलून गळती थांबत नाही. तरी लोक पहिल्यांदा झारीच बदलतात, कारण थेंब तेथून पडताना दिसतो.

दुसरी तक्रार अशी की फवाऱ्याच्या धारा वाकड्यातिकड्या जातात. आमच्या भागातील बोअरचे पाणी जड. पाणी तापवायच्या पातेल्याच्या बुडाशी जो पांढरा थर बसतो, तोच झारीच्या भोकांत बसतो. त्यातला मुख्य भाग कॅल्शियमच्या क्षाराचा, म्हणजे चुनखडीचाच. आंबट पदार्थाने तो विरघळतो. झारी फिरवून काढावी, लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घातलेल्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवावी. बुडबुडे येताना दिसतात. सकाळी जुन्या दातांच्या ब्रशने घासली की भोके मोकळी होतात. श्रीगोंद्याची लिंबे ज्या जिल्ह्यात पिकतात, तेथे याला काही खर्च नाही. संडास धुण्याचे ॲसिड मात्र वापरू नये. ते चुन्याबरोबर झारीची चकाकीही खाते.

हल्ली नवीन घरांत पाव फेऱ्यात उघडणारे नळ आले आहेत. त्यांत वायसर शोधू नये. त्यांच्या पोटात चिनी मातीसारख्या कठीण द्रव्याच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात. भोकावर भोक आले की पाणी सुरू, सरकले की बंद. या चकत्या वर्षानुवर्षे टिकतात, पण रेतीचा एक कण मध्ये गेला की ओरखडा पडतो. मग आतला सगळा तुकडाच बदलावा लागतो. तो दुकानात नेऊन हुबेहूब जुळवून आणावा, कारण लांबी आणि मुठीकडचे दाते प्रत्येक कंपनीचे निराळे. मला स्वतःला जुना पितळी नळ बरा वाटतो. तो आधी थेंबाथेंबाने तक्रार करतो, स्वस्तात दुरुस्त होतो आणि उघडला की त्याचे सगळे कळते.

मामांकडून परत आल्यावर ग्रंथालयात शोधता शोधता मला आबिद सुरती यांच्याविषयी माहिती मिळाली. 'धर्मयुग' साप्ताहिकातील 'ढब्बूजी' या व्यंगचित्रमालेचे ते कर्ते. लेखक आणि चित्रकारही. बालपण मुंबईत गरिबीत, बादलीभर पाण्यासाठी होणारी भांडणे पाहत गेलेले. एका मित्राकडे नळ गळताना त्यांनी पाहिला आणि विचारले, तर उत्तर मिळाले की, एवढ्याशा कामाला प्लंबर येत नाही. २००७ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांनी मीरा रोड येथे 'ड्रॉप डेड फाउंडेशन' सुरू केले. उत्तर प्रदेश हिंदी संस्थानकडून मिळालेले एक लाख रुपयांचे साहित्य पारितोषिक त्यासाठी कामी आले. काम असे: दर रविवारी एक प्लंबर आणि एक स्वयंसेविका बरोबर घेऊन एकेका इमारतीत जायचे, दार वाजवायचे, नळ गळतो का विचारायचे आणि गळत असेल तर फुकट दुरुस्त करून द्यायचा. बाई बरोबर असली की घरातल्या बायका दार उघडतात, हा त्यांचा हिशेब. साहित्याच्या पारितोषिकातून वायसर विकत घेणारा दुसरा लेखक मला ठाऊक नाही. अण्णांच्या त्या प्रश्नाला मी उत्तर दिले नव्हते. हे वाचल्यावर मी त्यांना सुरतींची हकीकत सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, काही बोलले नाहीत.

आमच्या गल्लीत आतापर्यंत मी अकरा नळ उघडले आहेत. आठ वायसरने थांबले, दोन वरचा नट आवळून, आणि एकाची बैठक इतकी झिजली होती की नवा नळच आणावा लागला. पहिला नळ शेजारच्या काकूंचा केला; त्यांच्या कळशीचे देणे होते. एका घरी नळ ठीक असूनही टाकी उतरत होती. तेथे मामांनी सांगितलेली युक्ती केली. संडासाच्या फ्लशच्या टाकीत निळीचे चार थेंब टाकले. कोणी पाणी न सोडताही थोड्या वेळाने भांड्यात निळा ओघळ दिसू लागला. आपल्या कॉलेजच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीजवळ तीन नळ आहेत, त्यांपैकी मधल्याविषयी मी येथे काही लिहीत नाही. अर्धा तास, एक पाना आणि परवानगी मिळाली तर पुढच्या अंकात लिहीन.

उरलेले वायसर आईने देव्हाऱ्याच्या खालच्या खणात, उदबत्तीच्या पुड्याशेजारी ठेवले आहेत. मागच्या आठवड्यात अण्णांनी त्यांचा पाना माझ्या पिशवीतून परत घेतला. जबडा तपासला, अंगठ्याने चक्री फिरवून पाहिली आणि म्हणाले, "हा ट्रॅक्टरचा आहे, नळाला मोठा पडतो. बाजाराच्या दिवशी आठ इंची आणतो."